उघड्यावर झोपायचं, तर खाली काय अंथरायचं? वारीच्या वळकटीपासून गडावरच्या मॅटपर्यंत

'ती हवेची गादी मागव की गं एक. पाठ लई धरती जमिनीवर.'

आई यंदा वारीला निघाली आहे. वय ५८, गुडघे बरे, कंबर मात्र कुरकुरणारी. दिंडीचं सामान ट्रकमधून जातं, त्यामुळे पाठीवर ओझं घ्यायचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो साधारण १८-२० रात्रींचा. दिवसभर चालायचं, रात्री राहुटीत, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर एखाद्या वावरात अंग टाकायचं आणि पहाटे पुन्हा उठायचं. चार रात्री झोप मोडली की पाचव्या दिवशी पाय उचलत नाहीत, हे कुठलाही वारकरी सांगेल.

आम्ही मोहोळचे. पुण्याकडून जेजुरी, फलटण करत येणारा ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, पंढरपूर ओलांडून आमच्या गावाशी येऊन संपतो. पंढरपूर इथून साधारण ४० किलोमीटर. शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूरनंतर आमच्याच तालुक्यातल्या कामतीवरून मंगळवेढ्याकडे जाते. त्यामुळे वळकटी, म्हणजे गुंडाळून दोरीनं बांधलेलं अंथरूण-पांघरूण, आमच्याकडे दरवर्षी घराघरातून बाहेर निघते. फक्त त्या वळकटीत आता गोधडीच्या जोडीला फोमच्या चटया, योगा मॅट आणि हवेच्या गाद्याही दिसायला लागल्यात.

आईला मी पटकन 'नको' म्हणाले. कारण मला माझी हुरडा पार्टी आठवली. जानेवारी महिना, मित्राचं शेत, दोन तंबू आणि ऑनलाइन मागवलेली एक जाडजूड हवेची गादी. झोपताना वाटलं, घरच्या पलंगापेक्षा भारी. तासाभरात पाठीला गार लागायला लागलं. रात्री दोन वाजता कंबर थेट ढेकळावर. सकाळी टॉर्च लावून पाहिलं तर एक सराटा. बोटाच्या पेरापेक्षा लहान काटा, आणि माझी गादी संपली.

म्हणजे गादी वाईटच होती असं नाही. ती चुकीच्या जमिनीवर होती. मऊ गादी शोधण्याच्या नादात आपण खाली काय आहे हे बघत नाही, आणि उघड्यावर झोपताना निम्मा खेळ तिथंच असतो.

थंडी खालून लागते

गादीचं काम काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, टोचू नये म्हणून. ते खरंच आहे, पण अर्धंच. दुसरं काम म्हणजे तुमच्या अंगातली ऊब जमिनीत जाऊ न देणं.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. आषाढात सोलापूर भागातली रात्र २२-२४ अंशांची. हवा एवढी असली तर आपल्याला छान वाटतं. पण तेवढ्याच तापमानाच्या ओल्या जमिनीला पाठ टेकवली, की ती गार लागते. हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. पाणी त्याच्या सुमारे २५ पट वेगानं नेतं. म्हणून कोरड्या मातीपेक्षा भिजलेली माती अंगातली ऊब कित्येक पट जोरात ओढून घेते. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत. वरून वाळलेली दिसते, चार बोटं खाली ओल असते. सकाळी उठल्यावर अंग आंबल्यासारखं वाटतं, त्याला चालण्याइतकंच हेही कारण असू शकतं.

आता पांघरुणाकडे या. गडावर जाणाऱ्यांचा एक नेहमीचा गैरसमज असतो की चांगली स्लीपिंग बॅग घेतली की काम झालं. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या कापसासारख्या फुगीर भरावात अडकलेल्या हवेमुळे. तुम्ही त्यावर आडवे झालात की अंगाखालचा भराव चेपतो, हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतात कापडाचे दोन थर. वरून कितीही महागडी बॅग असो, खालून तुम्ही जवळजवळ जमिनीवरच असता. म्हणूनच बॅगवर हात आखडता घेतला तरी चालेल, पण मॅटवर नको.

हे सगळं आपल्या लोकांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. मालदांडी ज्वारीच्या राखणीला जाणारा माणूस आधी कडब्याच्या पेंढ्या पसरतो आणि मग त्यावर घोंगडं टाकतो. ऊसतोड कामगारांच्या कोपीत पाचट अंथरलेलं असतं. आमच्या तालुक्यात टाकळी सिकंदरला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. गाळप हंगामात उसाच्या फडांजवळ या कोप्या उभ्या राहतात, आणि ही माणसं ऐन थंडीचे महिने जमिनीवर काढतात, तेही हौसेनं नव्हे. कडबा असो की पाचट, काम तेच करतात जे हजारो रुपयांची मॅट करते. काड्यांच्या मध्ये हवा अडकवायची आणि अंग जमिनीपासून चार बोटं वर ठेवायचं. फरक इतकाच की पाचट दोन पावसात कुजतं, त्यात विंचूकाट्याची भीती असते आणि चुलीची ठिणगी पडली तर काय होतं हे सांगायला नको.

आर-व्हॅल्यू नावाचा आकडा

दुकानात किंवा ऑनलाइन चांगल्या कंपनीची मॅट पाहिली तर तिच्यावर 'आर-व्हॅल्यू' असा एक आकडा दिसतो. उष्णतेला ती मॅट किती अडवते, त्याचं हे माप. आकडा जितका मोठा, तितकी जमिनीकडे जाणारी ऊब कमी.

पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीनं हा आकडा काढायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करण्यात अर्थ नसायचा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं चाचणीची एकच पद्धत ठरवून दिली. मॅट फुगवायची, एका गरम आणि एका थंड पत्र्यात दाबून ठेवायची. वरचा पत्रा ३५ अंशांवर, म्हणजे साधारण माणसाच्या अंगाइतका, आणि खालचा ५ अंशांवर. वरच्या पत्र्याचं तापमान टिकवायला किती वीज लागते, त्यावरून आकडा निघतो. वर्णनात एफ३३४० असा उल्लेख असेल, तर आकडा या पद्धतीनं काढलेला आहे असं समजा.

ढोबळ हिशेब असा. २ पेक्षा कमी आकडा उन्हाळ्याला आणि आपल्या पठारावरच्या पावसाळी रात्रींना पुरतो. २ ते ४ मध्ये महाराष्ट्रातला हिवाळा, गडावरचासुद्धा, निभावतो. हिमालयात बर्फावर झोपायचं असेल तर ५ च्या आसपास किंवा वर जावं लागतं. म्हणजे सोलापूर, पुणे, नगर, नाशिक एवढ्यातच फिरणाऱ्या माणसानं ६ च्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची काही गरज नाही.

आणखी एक सोय म्हणजे हे आकडे चक्क बेरजेत चालतात. दीडची फोम मॅट खाली आणि दोनची वर, झाले साडेतीन. नवीन मॅट घेण्याआधी घरात असलेल्या दोन एकावर एक टाकून बघा.

पण उन्हाळ्यात हे उलटं होतं, हे कुणी सांगत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो. तेव्हा माळवदावर किंवा गच्चीवर झोपताना आपल्याला ऊब अडवून ठेवायची नसते, सोडून द्यायची असते. जाड फोमवर झोपलात तर पाठ घामानं भिजेल. त्या दिवसांत साधी चटई आणि वर सुती सतरंजी बरी. त्याहून उत्तम म्हणजे सुंभानं विणलेली बाज. खालून वारा खेळतो. बाजेची आर-व्हॅल्यू कुणी मोजली असेल असं वाटत नाही, पण मेमध्ये तिला तोड नाही.

बाजारात मिळतं काय काय

सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढऱ्या किंवा करड्या फोमची गुंडाळी. टीव्हीच्या खोक्यात येतो तसला फोम, ईपीई म्हणतात त्याला. वजन जवळजवळ नाही, पाणी पीत नाही, काट्यानं काही होत नाही. दोष असा की तो चेपतो आणि परत फुगत नाही. पहिल्या चार रात्री बरा वाटतो, नंतर कंबरेखाली कागदासारखा पातळ होतो. एका रात्रीच्या ट्रेकला ठीक, १८ रात्रींना नाही. त्याच जातीचा पण दाट आणि चिवट फोम ईव्हीए किंवा एक्सएलपीई या नावानं मिळतो. बोटानं दाबला की दबतो आणि सोडला की परत वर येतो. तो जास्त टिकतो. अंड्याच्या ट्रेसारखे खळगे असलेल्या, घडीच्या मॅट याच प्रकारातल्या. खळग्यांमध्ये हवा अडकते आणि गुंडाळीऐवजी चौकोनी घडी होते, म्हणून वळकटीत नीट बसतात. आर-व्हॅल्यू साधारण दीड ते दोन.

योगा मॅट चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. ती पाय घसरू नये म्हणून केलेली असते, झोपण्यासाठी नाही. पातळ असते, पीव्हीसीची असली तर जड असते आणि घामेजल्या अंगाला चिकटते.

घरच्या स्पंजच्या गादीचा तुकडा कापून नेणारेही असतात. कोरडी जागा असेल तर तिच्याइतकं सुख नाही. पण स्पंजच्या पोटातली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पितो. एकदा पावसात सापडला की दोन दिवस वाळत नाही. कापसाच्या गादीचंही तेच. ओला कापूस चेपून गोळा होतो, त्यातली हवा जाते आणि तुम्ही गार पाण्याच्या पिशवीवर झोपल्यासारखे होता. वारीच्या दिवसांत ऊन कधी पडेल याचा भरवसा नाही, म्हणून या दोन्ही गाद्या घरी ठेवा.

लोकरीचं मात्र वेगळं आहे. लोकर तिच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही आणि दमट झाली तरी ऊब देते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते, जड असते, तिला वास असतो, सगळं कबूल. पण फोमवर घोंगडी टाकली की पाठीला घाम साचत नाही. टोचणं नको असेल तर त्यावर सोलापुरी चादर. ही चादर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे हे आपण अभिमानानं सांगतो, पण तिचा खरा उपयोग असा ओरखडे आणि घाम दोन्ही झेलण्यात आहे.

मग हवेच्या गाद्या. यात दोन जाती आहेत आणि दिसायला सारख्या वाटतात, म्हणून फसगत होते. पहिली पाहुण्यांसाठी घरात फुगवतात ती, १५-२० सेंटीमीटर उंच, मखमली पाठीची. घरात उत्तम. उघड्यावर ती गार पडते, कारण आत एकच मोठी पोकळी असते. अंगाजवळची गरम हवा आणि जमिनीजवळची गार हवा आतल्या आत फिरत राहते आणि ऊब खाली पोचवते. माझ्या हुरडा पार्टीत पहिल्या तासात नेमकं हेच झालं होतं, पंक्चर नंतर झालं. दुसरी जात खास कॅम्पिंगची. तिच्यात पोकळीचे छोटे कप्पे पाडलेले असतात, आत चमकदार पडदे किंवा तंतूंचा भराव असतो, त्यामुळे हवा फिरत नाही. अशा मॅटची आर-व्हॅल्यू ३ ते ५ पर्यंत जाते, वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि घडी पाण्याच्या बाटलीएवढी. किंमत मात्र काही हजारांत. पाठीवर सगळं सामान घेऊन दिवसभर चढणाऱ्यांसाठी ती आहे.

या दोन्हींच्या मधली म्हणजे आपोआप फुगणारी मॅट. हिचा जन्म १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात झाला. बोइंगमध्ये काम केलेले दोन अभियंते आणि त्यांचा एक गिर्यारोहक मित्र यांनी हवाबंद पिशवीत स्पंज घालून पाहिला. तोंडाची झडप उघडली की दबलेला स्पंज स्वतःच हवा ओढून फुगतो, झडप बंद केली की हवा आतच राहते. १९७२ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि थर्मारेस्ट हे नाव पुढे गिर्यारोहकांच्या तोंडी बसलं. गंमत बघा, जो स्पंज उघडा ठेवला तर पाणी पितो, तोच हवाबंद पिशवीत घातला की उत्तम गादी होतो. ही मॅट फोमपेक्षा जड, साधारण पाऊण किलोपासून दीड किलोपर्यंत, पण भोक पडलं तरी आतला स्पंज थोडाफार आधार देत राहतो. जमिनीवर अगदीच आदळत नाही.

जाडी किती हवी, हे तुमच्या कुशीवर

उताणं झोपणाऱ्याचं वजन पाठभर पसरतं. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुब्याचं हाड या दोन ठिकाणी येतं. म्हणून उताणं झोपणाऱ्याला दोन सेंटीमीटर फोम पुरतो आणि कुशीवर झोपणारा त्याच फोमवर रात्रभर कूस बदलत राहतो. त्याला पाच सेंटीमीटर किंवा जास्त जाडी हवी, नाहीतर दोन मॅट एकावर एक.

हे तपासायला दुकानदाराची गरज नाही. घरातल्या फरशीवर मॅट टाका आणि आपल्या नेहमीच्या कुशीवर वीस मिनिटं पडा. दोन मिनिटांत काही कळत नाही, दोन मिनिटं सगळंच मऊ वाटतं. मग मॅटच्या खालून खुब्यापर्यंत हात सरकवा. हाड फरशीला लागल्यासारखं जाणवत असेल तर मॅट पातळ आहे. हवेच्या मॅटचा नियमही हाच. कुशीवर झोपल्यावर खुबा जमिनीला टेकायच्या किंचित वर राहील, एवढीच हवा भरा. टम्म फुगवलेल्या मॅटवर माणूस रात्रभर घसरतो.

झोपताना घट्ट असलेली हवेची मॅट पहाटे ढिली झाली, तर लगेच पंक्चर समजू नका. संध्याकाळी ३५ अंशांची हवा भरली आणि पहाटे ती २० अंशांवर आली तर तेवढ्यानंच दाब सुमारे ५ टक्के उतरतो. झोपण्याआधी चार फुंका जास्त मारा. आणि दिवसा उन्हात ठेवायची असेल तर झडप उघडी ठेवा, बंद मॅट तापून शिवणीत फाटते.

वयस्कर माणसांसाठी जाडीइतकाच उंचीचा विचार करा. ज्यांना जमिनीवरून उठताना गुडघ्याला हात टेकावा लागतो, त्यांना कितीही भारी मॅट दिली तरी रात्री दोनदा लघवीला उठणं हीच शिक्षा होते. दिंडीची परवानगी असेल आणि ट्रकमध्ये जागा असेल तर घडीची खाट न्या. फक्त थंडीत खाटेवरही मॅट लागते, कारण खालून वारा असतो.

काटे, पाणी आणि मण्यार

आमच्या भागात जमीन मोकळी दिसली की समजावं, सराटे असणार. वेड्या बाभळी तर ओढ्याच्या काठापासून रस्त्याच्या कडेपर्यंत. हवेची मॅट इथं वापरायचीच असेल तर तिच्याखाली फोमची स्वस्त गुंडाळी हवीच. तंबूच्या तळाच्या कापडावर भरवसा ठेवू नका, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. मॅटसोबत आलेले ठिगळाचे तुकडे आणि गोंद घरी विसरू नका. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन या कापडांवर दर वेळी धरतंच असं नाही. भोक सापडत नसेल तर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे दाखवतात.

सगळ्यात खाली प्लास्टिकचा जाड कागद, हे वारकऱ्यांना सांगायला नको. पण एक चूक बरेच जण करतात. कागद तंबूच्या बाहेर हातभर राहू देतात. पाऊस आला की बाहेरच्या कडेवर पडलेलं पाणी कागदावरून थेट तंबूखाली जातं. कागद तंबूच्या आत दुमडून घ्या. सकाळी मॅट उचलून तिची खालची बाजूही पुसा. अंगाची वाफ तिथं साचते आणि रोज ओली मॅट गुंडाळली की आठवड्यात बुरशीचा वास येतो. फोमच्या मॅट चुलीपासून लांब ठेवा, विस्तवाजवळ त्या वितळतात आणि पेटतातही.

आता थोडं गंभीर. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका असतो. हा साप रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याची जागा फारशी दुखत किंवा सुजत नाही, त्यामुळे अनेकांना साप चावला हेच कळत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलायला आणि गिळायला त्रास होतो, मग श्वास. कुठलीही गादी याला अडवत नाही. अडवते ती मच्छरदाणी, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. नेपाळच्या तराई भागात झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं होतं. म्हणून मॅट निवडताना रुंदी बघा. अंगापेक्षा वीतभर जास्त रुंद असली तर मच्छरदाणी खोचता येते आणि झोपेत हात बाहेर पडत नाही. बंद चेनचा तंबू असेल तर चेन पूर्ण लावा, वारा येत नाही म्हणून खाली वीतभर उघडी ठेवू नका. पहाटे वरीलपैकी काही लक्षणं दिसली तर गारुडी-मांत्रिक शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिसर्पविष तिथं मिळतं.

गडावर निघालेल्यांसाठी दोनच ओळी. हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच आहे, डिसेंबर-जानेवारीत तिथं पहाटे हाडं गोठतात आणि खाली कातळ असतो. कातळ रात्रभर ऊब ओढत राहतो. तीनच्या आसपास आर-व्हॅल्यू, मग ती एका मॅटची असो की दोन मॅटची मिळून, एवढं असू द्या. मुक्कामाला परवानगी आहे का हे आधी बघा, सगळ्या गडांवर ती नसते.

शेवटी आईसाठी काय घेतलं

हवेची गादी नाहीच. आई कुशीवर झोपते, कंबर दुखते, वजन ट्रकवर आहे आणि खाली काळी माती. म्हणून दाट फोमच्या घडीच्या दोन मॅट, एकावर एक टाकायला. खाली प्लास्टिकचा कागद, वर आजीच्या वेळची घोंगडी आणि चादर. एका माणसाची मच्छरदाणी, मॅटखाली खोचता येईल एवढी मोठी. उशीसाठी वेगळं काही नाही, कपड्यांची पिशवीच. गुडघ्यांच्या मध्ये ठेवायला मात्र एक टॉवेल गुंडाळून दिलाय, कुशीवर झोपताना कंबरेवरचा ताण त्यानं कमी होतो.

तीन रात्री तिला माळवदावर याच अंथरुणात झोपवलं. पहिल्या रात्री म्हणाली, 'कडक हाय गं.' दुसऱ्या रात्री काही बोलली नाही. तिसऱ्या रात्री मी पाणी द्यायला गेले तर घोरत होती.

एक गोष्ट तिनं मला शिकवली. दिंडीच्या ट्रकमधून शंभरेक वळकट्या एकदम खाली उतरतात आणि निळ्या-करड्या फोमच्या सगळ्या गुंडाळ्या एकसारख्या दिसतात. मी मार्करनं नाव आणि दिंडी क्रमांक लिहिला होता. तिनं तो पाहिला, पावसात पुसणार म्हणाली आणि जुन्या लाल साडीचा काठ फाडून दोरीऐवजी वळकटीला बांधला.